दुखणे ऐकून घेण्याचे कार्य
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ज्ञातिकार्याचा विषय निघाला म्हणजे वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवर मेळावा ही नावे आपल्या ओठांवर सहज येतात. ती कार्ये मोलाचीच आहेत. परंतु ज्यास इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही, अशा एका सेवेकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. ती सेवा म्हणजे वर्षानुवर्षे वेदना सोसणाऱ्यांची सोबत.

आपला शिंपी समाज पिढ्यान्‌पिढ्या शिलाईयंत्रावर मान वाकवून बसला. मान आणि पाठ यांचे दुखणे ही अनेक घरांतील जणू वडिलोपार्जित मिळकतच होय. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा साऱ्या हिंगोली जिल्ह्यास अभिमान आहे. पण त्या हळदीच्या काढणीत दिवसभर ओणव्या राहणाऱ्या भगिनींची कंबर कोण पाहतो?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. कित्येकदा मूळ इजा भरून येते, तरी मज्जातंतू धोक्याची सूचना देतच राहतात. क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, आणि मग घरचेच म्हणतात, ‘हे सोंग आहे.’ दुखण्यापेक्षा हा शब्द अधिक जिव्हारी लागतो. रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखावा, असे वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपल्या सुधारित व्याख्येसोबतच नमूद केले आहे.

हे कार्य नवे नाही. स्वतः दीर्घ वेदनेने ग्रासलेल्या पेनी कोवन ह्या बाईंनी १९८० साली अमेरिकेत समदुःखी माणसांची संघटना उभी केली. आपल्या देशात केरळातील कोझिकोडे येथे १९९३ साली वेदनाशमनाची संस्था निघाली. पुढे त्या प्रांतात, आठवड्यास निदान दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य नागरिकांस शिक्षण देऊन, असाध्य रोगाने खिळलेल्यांच्या शुश्रूषेस गावोगावी लावण्यात आले. शेजारी दुकानदार असो वा गृहिणी, त्यास शिकविता येते, हे तेथे सिद्ध झाले.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा ह्या पाचही तालुक्यांत आपली घरे आहेत. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा अशा बंधुभगिनींनी एकत्र बसावे, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी स्वयंसेवकाने जावे. स्वयंसेवकाने तीन पथ्ये पाळावीत. ऐकावे अधिक, बोलावे कमी. ऐकलेले बाहेर सांगू नये. औषध सुचवू नये, चालू असलेले बंद करावयास लावू नये. मात्र पायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे अथवा ताप व वजन घटणे दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

आपण वेदना नाहीशी करू, असे आश्वासन आम्ही देत नाही. पण दुखणेकरी लग्नकार्यास यावयाचा थांबतो, मग दारात बसावयाचा थांबतो, आणि अखेरीस बोलावयाचा थांबतो. हे तरी आपण थांबवू शकतो.

आपल्या जिल्ह्यातील नर्सी ही ज्यांची जन्मभूमी मानली जाते, ते नामदेवराय पंजाबातील घुमानपर्यंत लोकांत मिसळत गेले. त्यांचे नाव सांगणाऱ्या आपण पलीकडच्या गल्लीतील दुखणाईतापर्यंत तरी जावे, एवढीच आमची विनंती आहे. इच्छुकांनी आजच आपली नावे मंडळाच्या चिटणिसांकडे नोंदवावीत.