वकील कुठं भेटंल?



“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” असे आपण म्हणतो. आम्हीही जन्मभर हेच सांगत आलो. पण या म्हणीपायी आमच्या हातून एक चूक झाली. ती आज सांगतो.

आमच्या गावी एका शेतमजुराला जातीवरून सार्वजनिक नळावर पाणी भरू दिले नाही. तो आमच्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, वकील कुठं भेटंल?” आम्ही म्हणालो, “अरे, वकील म्हणजे खर्च. मिटवून घे.” तो गुमान गेला. पुढे त्याने शेळी विकली आणि कोर्टाबाहेर भेटलेल्या एका माणसाला पैसे दिले. तो वकील नव्हताच, दलाल होता. शेळी गेली, पैसे गेले. त्याची बायको वर्षभर ओढ्याचे पाणी वाहत राहिली.

आम्हांला तेव्हा माहीत हवे होते, ते तुम्ही ऐका. जातीवरून पाणी अडवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. आणि वकील फुकटही मिळतो! १९८७ साली तसा कायदा झाला. बाया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, तुरुंगातले कैदी यांना तो मिळतो. त्यांची कमाई किती, हे पाहत नाहीत. इतरांपैकी गरिबांनाही मिळतो.

मग जायचे कुठे? तालुक्याच्या कोर्टात जा. तिथे ‘तालुका विधी सेवा समिती’ असते. जिल्ह्याच्या कोर्टात ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ असते. जाणे जमत नसेल, तर १५१०० या नंबरावर फोन करा.

जाताना कागद बरोबर न्या. काय घडले, कोणत्या तारखेला घडले, कोणी पाहिले, हे घरीच लिहून ठेवा. वकिलाला विचारा, “असा खटला आपण चालवला आहे का?” सनद नसलेल्याला पैसे देऊ नका. समितीने दिलेला वकील पैसे मागू लागला, तर समितीला सांगा.

लिहिता न येणाऱ्याचे म्हणणेही समिती लिहून घेते व अंगठा घेते. पण तुम्ही आता वाचायला शिकलात. कागद आधी वाचा, मग सही करा.

आणि कोणी तुम्हांला विचारले, “वकील कुठं भेटंल?” तर आमच्यासारखे “मिटवून घे” म्हणू नका. त्याच्याबरोबर कोर्टाच्या पायरीपर्यंत चाला.