गोळी बंद करायच्या आधी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. रोज प्राणायाम करतोय, चालायला जातोय, बरं वाटतंय, मग आता बीपीची गोळी सोडली तर चालेल का? आज त्यावरच बोलू.

थोडं मागं जाऊ. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी आपल्या लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. योगावर पूर्ण श्रद्धा, पण स्वभाव मोजून बघण्याचा. उड्डियान आणि नौली करताना पोटात नक्की काय होतं, हे त्यांनी एक्स-रे काढून, दाब मोजून पाहिलं. नौलीत आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं दिसलं. हे सगळं त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’मध्ये छापलं.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. प्राणायामानं शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक म्हणायचे, आजही म्हणतात. त्यांनी मोजलं आणि सांगितलं, तसं नाही, प्राणायामाचं महत्त्व दुसरीकडे आहे. योगाचा प्रसार करणारा माणूस हे स्वतःच छापतो, बघा!

आता आमच्या काकांचं सांगतो. मावळातले, आयुष्यभर भातशेती केलेले. साठीनंतर बीपी निघालं, गोळी लागली. मग पहाटे प्राणायाम सुरू केला. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली. हे खरंच झालं, मी नाकारत नाही. पण एके दिवशी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. चारेक महिन्यांनी लग्नघरी कुणाच्या तरी मशीनवर गंमत म्हणून बघितलं, तर १८० वर ११०! डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. बीपीचं हेच वाईट आहे. ते वाढल्याचं बहुतेकदा कळतच नाही, आणि ‘बरं वाटतंय’ हा त्याचा पुरावा नसतो. थेट पॅरालिसिसलाच कळायचं. काका वाचले, लगेच डॉक्टरांकडे नेलं, गोळी पुन्हा चालू झाली.

म्हणून आधी मोजा. आणि नीट मोजा. जिना चढून आल्या आल्या नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांनी परत घ्या. आकडे सतत चांगले येत असतील तर ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची का, ते त्यांना ठरवू दे. कधी कधी कमी होतेही.

बाकी सवयी तुम्हाला माहीतच आहेत. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं. रविवारी एकदाच लोहगड चढून सहा दिवस खुर्चीत बसणं नव्हे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. इंद्रायणीचा भात बिचारा निर्दोष, त्याच्याबरोबरचं पापड-लोणचं मोजा. मशेरीवर तर वेगळा भागच करावा लागेल.

काका अजूनही पहाटे प्राणायामाला बसतात. नंतर मशीन लावतात आणि आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या खाली. काकू म्हणतात, लिटर किती आणि बीपी किती, तेच कळेनासं झालंय.