मोटारसायकलच्या साखळीची निगा

[मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर]



मंडळाच्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्याकडे आल्या आणि वर्धापनदिनाला काहीतरी उपयुक्त बोला म्हणाल्या, तेव्हा मी बाळंतिणीच्या आहारावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. तो विषय माझ्या नोकरीचा. परंतु त्यावर आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याइतकेच आपणांसही ठाऊक आहे. मी म्हटले, मी मोटारसायकलच्या साखळीवर बोलेन. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग हसल्या. घरी गेल्यावर त्यांनी ही गोष्ट यजमानांना सांगितली आणि तेही हसले, असे नंतर कळले. असो. ती हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही हे मला 2019 च्या श्रावणात एका रात्री समजले. म्हणून आधी ती रात्र सांगते.

एटापल्ली तालुक्यातील एका उपकेंद्रात मी तेव्हा आरोग्य सेविका होते. आपला जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. आतल्या गावांना जावयाचे तर बस मिळेल तिथपर्यंत बस, आणि पुढे आपले पाय नाहीतर आपली दुचाकी. मी जुनी 100 सीसीची मोटारसायकल घेतली होती. ती चालवण्यास शिकले, पण तिच्याकडे पाहण्यास शिकले नाही. तेलपाणी, नटबोल्ट हे पुरुषांचे काम, अशी माझीही समजूत होती. आमचे हे सुटीला आले की गाडी गॅरेजात नेत, आणि तिथला मिस्त्री साखळीवर इंजिनातले जळके काळे ऑइल ओतून देई. माझे काम झाले असे मी समजे.

त्या रात्री नऊच्या सुमारास चार कोसांवरच्या पाड्यावरून निरोप आला, पहिलटकरीण अडली आहे. मी पिशवी घेतली आणि निघाले. आठ दिवस गाडी चालताना साखळीच्या कव्हरावर खट् खट् असा आवाज येत होता. मी तो ऐकत होते आणि ऐकून सोडून देत होते. नाल्याच्या उतरणीवर एक धक्का बसला, साखळी उतरली आणि पुढच्या चक्राजवळ अशी अडकली की मागचे चाक जागच्या जागी थांबले. गाडी आडवी झाली. नशीब म्हणून वेग बैलगाडीचा होता.

टॉर्च तोंडात धरून मी साखळी ओढत बसले. अर्धा तास, कदाचित जास्त. मला वाटे, आता निघेल, आता निघेल. शेवटी गाडी तिथेच टाकून उरलेले तीन-साडेतीन किलोमीटर चालत गेले. पोहोचले तेव्हा मूल जन्मले होते, आशाताईने सगळे नीट केले होते. पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. तो थांबवण्याचे औषध एवढा वेळ माझ्या पिशवीत, नाल्याच्या काठी, साखळीशेजारी पडून होते. आणि दारात गेल्यावरही मला लगेच तिला हात लावता येईना. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. राख, साबण, गरम पाणी, पुन्हा साबण. तिची सासू दारात उभी राहून माझे हात धुणे पाहत होती. ती माडियात जे बोलली त्याचा अर्थ एवढाच, की बाई, तू गाडी नसती घेतलीस तर आधी पोहोचली असतीस.

बाळंतीण वाचली. सकाळी तिला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणले व पुढे रुग्णालयात पाठविले. आज तिची मुलगी शाळेत जाते. परंतु ते वाक्य माझ्या कानांतून गेले नाही.

पुढच्याच आठवड्यात मी आलापल्लीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले आणि म्हटले, काका, गाडी दुरुस्त करू नका, मला शिकवा. ते म्हणाले, “सिस्टर, काहून हात काळे करता?” मी म्हटले, एकदा झाले आहेत.

त्यांनी शिकविले ते आज आपणांस सांगते. साखळी म्हणजे काय, येथून आरंभ करू. वरून ती लोखंडी कड्यांची माळ दिसते. पण एकेका कडीत पहा: दोन पट्ट्या, त्यांतून गेलेली पिन, पिनेवर एक नळी, तिला बुश म्हणतात, आणि बुशावर फिरणारा रोलर. ही रचना मूळ स्वित्झर्लंडच्या पण मँचेस्टरला कारखाना काढलेल्या हान्स रेनॉल्ड या गृहस्थाने 1880 साली सिद्ध केली, आणि तीच थोड्या फरकाने आपल्या दारातल्या गाडीत आजही आहे. लहान गाड्यांच्या साखळीवर बहुधा 428 असा आकडा असतो. त्यातला पहिला 4 म्हणजे चार अष्टमांश इंच, म्हणजे अर्धा इंच. एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर 12.7 मिलिमीटर.

साखळी “लांबते” असे सगळे म्हणतात. पोलाद काही पीठासारखे ताणले जात नाही. झिजते ती पिन, आणि झिजतो तो बुश, आत, जिथे आपली नजर जात नाही. एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली तर ती कोणाला दिसणार? पण असे शंभर सांधे असले की साखळी सेंटिमीटरभर लांब होते, सैल पडते, कव्हरावर आपटू लागते. माझी खट् खट् ती हीच.

येथे शिवणवर्गातल्या भगिनींना माझे म्हणणे चटकन कळेल. शिवणयंत्राला आपण तेल कुठे देतो? चाकावर नाही, छिद्रांतून आत. साखळीचेही तसेच आहे. मिस्त्रीकाका म्हणत, चेन तेल पिते ते पोटातून, पाठीवरून नाही. वरून ओतलेले जळके ऑइल बाहेर राहते, त्यात इंजिनाच्या झिजेचा बारीक लोखंडी कचरा आधीच असतो, आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. तेल आणि बारीक रेती एकत्र आले की काय होते हे भांडी घासणाऱ्या बाईला सांगावयास नको. अलीकडे सुरजागडच्या खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात तिथली तांबडी धूळ तर विशेषच. सोनार दागिन्याला झिलई देतात ती तांबडी पूड म्हणजे लोहाचा गंजच, अगदी बारीक दळलेला. तीच जातीची पूड आपण साखळीला दिवसभर फासत असतो. दागिना चमकतो, पिन झिजते.

तेव्हा आधी स्वच्छता, मग तेल. हा क्रम उलटवू नये.

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. गिअर न्यूट्रलला. किल्ली काढून कनवटीला लावावी, हे मी मुद्दाम सांगते. पुष्कळ गॅरेजांत इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना साखळीला फडके धरतात. काम झटपट होते. फडके दात्यात गेले की बोट त्याच्या मागोमाग जाते. अशी तुटलेली बोटे मी बांधली आहेत. चाक हातानेच फिरवावे, आणि तेही उलट दिशेने.

साफ करण्यास पूर्वी घरोघरी रॉकेल असे. आता ते मिळणे कठीण, म्हणून वाटीभर डिझेल घ्यावे. पेट्रोल घेऊ नये. ते पेट घेते ही एक गोष्ट. दुसरी अशी की काही साखळ्यांच्या पट्ट्यांमध्ये रबराची बारीक कडी असते, आतले वंगण धरून ठेवण्यासाठी, ती पेट्रोलने खराब होते. तारेचा ब्रशही तिला मारक. जुना दात घासण्याचा ब्रश सर्वांत उत्तम. खाली जुने पोते किंवा प्लॅस्टिक अंथरावे, चारही बाजूंनी घासावे, आणि जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने कोरडे पुसावे. नायलॉनचे फडके काही टिपत नाही. उरलेले काळे डिझेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. बाटलीत भरून गॅरेजात द्यावे.

आता तेल कोणते? शिवणयंत्राचे तेल फार पातळ; चाक फिरले की उडून मागे बसणाऱ्या बाईच्या साडीवर येते. आमच्या पाड्यांत मोहाच्या बियांचे तेल, टोळीचे तेल म्हणतात ते, लावताना मी पाहिले आहे. जेवणात, अंगाला, दिव्याला ते उत्तम. पण पौषातल्या पहाटे ते तुपासारखे थिजते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते. स्वयंपाकाच्या कोणत्याही तेलाची गत थोडीफार तीच. गिअर ऑइल, 90 नंबरचे, मागावे. ते दाट असते, आत शिरते आणि टिकते. बाजारात साखळीसाठी फवाऱ्याचे डबे मिळतात, तेही चांगले, फक्त महाग. रबराच्या कड्यांची साखळी असेल तर डब्यावर तसे लिहिलेले पाहून घ्यावे.

तेल साखळीच्या खालच्या धावेवर, पण आतल्या बाजूने सोडावे, म्हणजे चाक फिरताना ते बाहेर फेकले जाताजाता कडीतून जाते. पट्टी आणि रोलर यांच्या मधल्या फटीत थेंब थेंब, चाक हळूहळू फिरवीत, पूर्ण एक फेरा. दोन्ही बाजूंना. हे काम गाडी फिरून आल्यावर संध्याकाळी करावे. साखळी कोमट असते, तेल आत ओढले जाते आणि रात्रभर मुरते. सकाळी बाहेरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. हे पुसणे बहुतेक जण विसरतात. बाहेर जेवढे तेल, तेवढी धूळ.

किती दिवसांनी? उन्हाळ्यात 500 किलोमीटरला एकदा. पावसाळ्यात आठवड्याला, आणि नाला ओलांडून आल्यावर त्याच रात्री. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो हे आपण दरवर्षी वाचतो. पण गुडघाभर पाण्याचे निनावी नाले आपल्या वाटेवर कितीतरी आहेत, आणि प्रत्येक नाला साखळीतले तेल धुऊन तिथे रेती ठेवून जातो.

सैलपणा पाहणे सर्वांत सोपे आणि सर्वांत उपेक्षित. खालच्या धावेच्या मध्यावर बोट लावून साखळी वर-खाली करून पहावी. बहुतेक लहान गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर हालचाल ठीक. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पहावे, कारण साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. सैल असेल तर मागच्या चाकाचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच फिरवावेत. खुणा दोन्हीकडे जुळल्या नाहीत तर चाक तिरपे बसते. शेवटी नट पुन्हा घट्ट करावयाचा. मात्र सतारीच्या तारेसारखी साखळी ताणू नये. मागे माणूस आणि वर तांदळाचे पोते बसले की ती आणखी ताणते आणि बेअरिंग खाते. मागच्या चक्राचे दाते वाघनखासारखे वाकलेले दिसले तर साखळी आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी. जुन्या दात्यांवर नवी साखळी घालणे म्हणजे पैसे वाया घालविणे.

साखळी जोडणारे एक छोटे लॉक असते, माशासारखे. त्याची बंद बाजू साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी, उघडी मागे. उलटे बसविले तर एखाद्या काटकीने निघून पडते. गॅरेजातून गाडी आणल्यावर एवढे जरूर पहा.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्या, बायकांच्या, कामाची. चिखल अडकतो म्हणून आपल्याकडे साखळीचे कव्हर आणि साडी-गार्ड सर्रास काढून टाकतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणे बंधनकारक आहे. ज्याने कव्हर काढले त्याचा पदर अडकत नाही, आपला अडकतो. तेव्हा चिखल काढावा, कव्हर काढून टाकू नये. चिखल काढून ते पुन्हा लावण्यास दहा मिनिटे लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

स्कूटीवाल्या भगिनी मघापासून चुळबुळ करीत आहेत. आपल्या गाडीला साखळी नसते, आत रबरी पट्टा असतो, त्याला तेल मुळीच लावू नका. पण घरात मुलाची, भावाची मोटारसायकल असेलच. त्याला विचारा, शेवटचे तेल कधी दिलेस? उत्तर बहुधा “मिस्त्री पाहतो” असे येईल.

ज्यांना प्रत्यक्ष पहावयाचे असेल त्यांनी फराळानंतर मागच्या अंगणात यावे. माझी गाडी तिथे स्टँडवर उभी आहे. कालच मुद्दाम नाल्यातून काढून आणली, म्हणजे घाण पाहण्यास मिळेल. ब्रश चार आहेत, फडकी ज्याने त्याने आणावी. हात काळे होतील, त्याची चिंता करू नका: आधी खोबरेल चोळावे, मग बेसन, मग साबण. नुसत्या साबणाने ते निघत नाही.