गाऊट आणि आपले ताट



ज्या व्याधीविषयी आज आम्ही बोलणार आहोत, ती बहुधा रात्री येते. माणूस धडधाकट झोपी जातो आणि उजाडण्यापूर्वीच पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन असा ठणकू लागतो की, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. आयुर्वेदातील वातरक्ताचे वर्णन हिच्याशी पुष्कळसे जुळते. इंग्रजीत हिला गाऊट म्हणतात.

लंडनच्या आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरांनी १८४८ साली दाखविले की, अशा रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते. पुढे त्यांनी रक्तातील पातळ भागात थोडे आम्ल घालून एक दोरा सोडला, तो दोऱ्यावर स्फटिक जमले. पाकात दोरा सोडून खडीसाखर धरतात ना, तसे! सांध्यात हेच होते. पेशींतील प्युरीन मोडून युरिक ॲसिड तयार होते व मूत्रपिंडे त्याचा बराच भाग बाहेर टाकतात. ती कमी पडली आणि १०० मिलिलिटर रक्तात हे प्रमाण सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर जाऊन राहिले, म्हणजे स्फटिक धरू लागतात.

आता आमच्या घरांतून काय चालते ते पाहा. ‘ॲसिड’ हा शब्द कानी पडताच पहिली कुऱ्हाड कोसळते ती लिंबावर आणि ताकावर. जिभेला आंबट लागणे आणि रक्तात युरिक ॲसिड वाढणे यांचा काही संबंध नाही. उलट दूध, दही, ताक घेणाऱ्यांत गाऊट कमी आढळतो. दुसरी कुऱ्हाड डाळीवर. डाळीत प्युरीन असते हे खरे. पण अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत मांस व मासळी अधिक खाणाऱ्यांना धोका अधिक दिसला, प्युरीनयुक्त भाज्या-कडधान्यांनी तो वाढलेला दिसला नाही. शाकाहारी घरात वरण बंद करणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या अंगातील बळच काढून घेणे होय. आणि गंमत अशी की, वरण सोडलेले हेच गृहस्थ संध्याकाळी रसवंतीवर उसाच्या रसाचे दोन पेले रिचवितात! साखरेतील फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड वाढते. बाटलीतील गोड पेयांचे तेच. मद्याविषयी, विशेषतः बिअरविषयी, तर बोलायलाच नको. मांसाहारी मंडळींनी कलेजी, गुर्दा टाळावा. तारली, बांगडा बेताने खावा. साधी अंडी खुशाल खावीत.

उपासाचेही सांगितले पाहिजे. वजन उतरविणे हितकर, पण सावकाश. निर्जळी एकादशी, किंवा महिन्याभरात सडपातळ होण्याचा हट्ट, यांनी झटका ओढवतो. उन्हाळ्यात तर पाणी भरपूर प्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल, त्यांनी मात्र तेवढेच प्यावे.

एवढे सारे कसोशीने पाळले, तरी युरिक ॲसिड साधारणतः एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. कारण त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते, आणि मूत्रपिंडांची कमजोरी पुष्कळदा वारशाने आलेली असते. म्हणून ज्यांना झटके वारंवार येतात त्यांना ‘तुम्ही पथ्य पाळीत नाही’ असे घरच्यांनी टोचीत राहणे अन्यायाचे आहे. त्यांना ॲलोप्युरिनॉलसारखे औषध लागते आणि ते ६ च्या खाली आकडा ठेवण्यासाठी नेमाने, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. प्रारंभीच्या काही महिन्यांत जुने स्फटिक विरघळू लागल्याने झटका पुन्हा येऊ शकतो. तेव्हा ‘औषध बाधले’ म्हणून पुष्कळजण गोळी फेकून देतात. ती फेकू नये, डॉक्टर त्या काळापुरते जोडीला दुसरे औषध देतात. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.