भिंतीवरची रोजकीर्द
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



चार लोकांच्या जागेत काही उभे करायचे म्हटले की वाद आलाच. आपल्या जिन्याच्या रंगावर तीन सभा झाल्या! मी आज सांगणार आहे ते मात्र वॉशिंग्टनच्या एका भिंतीबद्दल.

व्हिएतनाम युद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांचे स्मारक व्हावे, हे माजी सैनिकांनीच मनावर घेतले. पैसा लोकवर्गणीचा. १९८१ साली स्पर्धा झाली, १,४२१ आराखडे आले. परीक्षकांपुढे नावे नव्हती, नुसते क्रमांक. निवड झाली माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. जमिनीत उतरत गेलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती आणि त्यांवर मृतांची नावे. पुतळा नाही, झेंडा नाही.

झालं! ज्यांच्यासाठी स्मारक, त्यांच्यातलेच काही जण खवळले. काळा रंग का? बाकीची स्मारके वर, मग आमचेच खड्ड्यात का? मुलगी चिनी वंशाची, हेही काहींना खुपले. आणि त्यांचा राग अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. युद्धावरून परतल्यावर त्यांचे स्वागत कोणी केले नव्हते. स्मारकातही आपल्याला लपवताहेत, असे त्यांना वाटले.

नावे लावायची कशी, यावरही वाद. काहींना वर्णानुक्रम हवा होता. माया लिन तारखेवर ठाम राहिली. बँकेत जन्म गेलेल्या मला हे लगेच पटते. खतावणी नावाने असते, रोजकीर्द तारखेने. आणि त्या दिवशी काय घडले ते रोजकीर्दच सांगते. एका चकमकीत गेलेले दोस्त भिंतीवरही शेजारी राहिले. नाव शोधायला वर्णानुक्रमाची सूची तिथे आहेच.

शेवटी तोड निघाली : जवळच तीन सैनिकांचा पुतळा आणि ध्वज. माया लिनला हे मुळीच रुचले नाही. पण भिंत होती तशीच राहिली, म्हणून मला ही तडजोड मान्य आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये भिंत खुली झाली, पुतळा १९८४ मध्ये आला.

आज ५८ हजारांवर नावे आहेत. माणसे येतात, आपले नाव शोधतात, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेले नाव घडी घालून घरी नेतात. कोणी पत्र ठेवतो, कोणी पदक, कोणी जुने बूट. तिथले कर्मचारी त्या वस्तू गोळा करून जपून ठेवतात.