वेटरच्या खिशातली रात्रशाळा



या मंचावर काल संतसाहित्य झालं, उद्या खगोलशास्त्र आहे, आणि मधल्या संध्याकाळी मी हॉटेलातल्या कामगारांना मोबाइल ॲपवरून शिकवण्याबद्दल बोलणार आहे. संयोजकांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. पण नाशकात हा विषय आत्ताच काढायला हवा. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. त्र्यंबकेश्वरापासून पंचवटीपर्यंतच्या खाणावळी, लॉज, मिसळीची ठिकाणं यांना नवी माणसं लागणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी कधी हातात ट्रे धरलेला नसणार.

एक साधा प्रसंग धरून चालू. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय. काय घेऊ?’ वेटर नवा आहे, पण चलाख आहे. तो सांगतो, ‘वरण-भात घ्या साहेब, पोळी नको.’ उत्तर बिनचूक वाटतं. वरणाच्या फोडणीत हिंग असतो, आणि डबीतून मिळणारा बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात नाहीतर मैद्यात कालवलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सीलिॲकच्या रुग्णाला तेवढंही बाधू शकतं. दाण्याच्या कुटाचं तर विचारूच नका. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट. गढवालहून किंवा ओडिशातून आलेल्या मुलाला ते दिसणार कसं? ते वाटून एकजीव झालेलं असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस त्या मुलाच्या एका ‘नाही’वर विश्वास ठेवून घास तोंडात घालतो.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या मोठ्या साखळ्यांना ॲलर्जी आणणारे घटक मेनूकार्डावर सांगावे लागतात, तसा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या गल्लीतल्या हॉटेलाचं मेनूकार्ड म्हणजे वेटरचं तोंड. आणि नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री त्या तोंडाला आणखी एक परीक्षा असते ती उपवासाची. साबुदाणा चालतो, भगर चालते, हळद बहुतेक मराठी घरांत चालत नाही, उत्तरेकडून आलेल्या यात्रेकरूला कुट्टूचं पीठ आणि सैंधव हवं असतं. जैन थाळीत कांदा-लसूण तर नाहीच, बटाटाही नको, म्हणून पावभाजीत कच्चं केळं. हे सगळं ज्याला जन्मापासून माहीत नाही, त्याला ते शिकवावं लागतं. तो मंदबुद्धीचा आहे म्हणून नव्हे, तो दुसऱ्या मुलखातून आलाय म्हणून.

मग आज शिकवतात कसं? नव्या मुलाला जुन्या वेटरच्या मागं दोन दिवस फिरवतात. ‘बघ आणि शिक.’ तिसऱ्या दिवशी त्याला टेबलं मिळतात. भटारखान्यात वस्ताद सांगतो कमी, ओरडतो जास्त. कॅप्टन कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या तक्त्याचा फोटो टाकतो, त्याला अकरा अंगठे येतात, आणि तो शुभेच्छांच्या गुलाबाखाली गाडला जातो.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासून आहे, तिच्यामागं लीलावती मुन्शींचे प्रयत्न होते. पण तिथली मुलं मोठ्या हॉटेलांत जातात. महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत ती परंपरा कधी पोचली नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉस्टॅक’ या प्रशिक्षणाचा नियम असा, की परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागं निदान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा. चांगला नियम आहे. पण त्या एकाकडून उरलेल्या चोविसांपर्यंत ज्ञान जायचं कसं, हे नियम सांगत नाही. प्रमाणपत्र गल्ल्यामागं गणपतीशेजारी लटकतं. ॲपची जागा मला दिसते ती नेमकी इथं, एक आणि चोवीस यांच्या मधे.

आता मालकांची बाजू. नाशकातला कुठलाही हॉटेलमालक तुम्हाला सांगेल, ‘शिकवलं की पळतो.’ हे रडगाणं म्हणून सोडून देऊ नका. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञानं १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात हेच मांडलंय, आणि पुढं १९९२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं: जे कसब कुठंही उपयोगी पडतं, त्याच्या शिक्षणावर मालक स्वतःहून खर्च करणार नाही, कारण फायदा शेजारचा मालक उचलेल. त्याची किंमत कामगारच मोजतो, शिकत असताना कमी पगार घेऊन. जे कसब फक्त याच दुकानात चालतं, त्यावर मात्र मालक पैसे घालेल.

ॲप बांधायला बसणाऱ्यानं ही विभागणी आधी समजून घ्यावी. हात कसे धुवायचे, शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे का रेंगाळू द्यायचं नाही, कच्च्या चिकनचा फळा आणि कोशिंबिरीचा फळा वेगळा का, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, हे सगळीकडं चालतं. आमच्या मिसळीचा कट किती तिखट, आमच्या अंडाकरीत काजू आहे की खोबरं, हे फक्त आमचं. बाजारात मिळणारी बहुतेक ॲप मालकाला विकलेली असतात. साहजिकच मालकाचा पडदा त्यांत देखणा असतो, रंगीत आलेख, कुणी किती टक्के धडे संपवले ते लाल-हिरव्यात. आणि वेटरच्या पडद्यावर काय? इंग्रजी पुस्तकातली पानं फोनमधे कोंबलेली. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे, की हा क्रम उलटा करा.

उलटा करायचा म्हणजे आधी त्या मुलाचा दिवस बघा. दुपारचं गिऱ्हाईक साडेतीनच्या सुमारास ओसरतं. मग सात वाजेपर्यंत ब्रेक. त्या वेळात तो जेवतो, घरी फोन करतो, झोपतो. सर्व्हिस चालू असताना फोन हातात धरायला बऱ्याच ठिकाणी बंदीच असते, आणि ती योग्यही आहे. रात्री शेवटची ऑर्डर, मग झाडणं-पुसणं, मग खोली. अशा माणसाला अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाठवणं म्हणजे त्याच्या झोपेतून चोरी करणं. शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे, तो पगारात धरलाच पाहिजे. व्यवहारात तो कुठं सापडतो? संध्याकाळी सर्व्हिस सुरू होण्याआधी कॅप्टन सगळ्यांना उभं करून ब्रीफिंग घेतो, आज काय आहे, काय संपलंय. त्या वेळात ॲपनं कॅप्टनला एक प्रश्न द्यावा. ‘टेबल चारवर लहान मुलाला दाण्याची ॲलर्जी आहे. आपल्याकडचे कोणते तीन पदार्थ द्यायचे नाहीत?’ सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं. फोन एकच, कॅप्टनचा. ॲपचा हा वापर कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

धडा किती मोठा? एका मिनिटाच्या आत. रात्रीच्या भाताचंच बघा. भातातल्या बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं, की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी देऊन कितीही परतलं तरी ते विष जात नाही. पसरट ताटात भात मोकळा करून लवकर थंड करायचा आणि फ्रिजमधे ठेवायचा. एवढंच सांगायचं, आणि ते आपल्याच भटारखान्यात, आपल्याच वस्तादाच्या हातांनी, फोन उभा धरून चित्रित करायचं. स्टुडिओतला पांढरी टोपी घातलेला शेफ आमच्या मुलांना सिनेमातला वाटतो. वस्तादाचा हात त्यांना ओळखीचा असतो. शिवाय कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला वस्ताद ओरडत नाही, हा वरचा फायदा.

पण बघितलेलं टिकत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मधे, स्वतःवरच प्रयोग करून, विसरण्याचा वेग मोजला होता. २००६ मधे रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर परत वाचणारे पुढं होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. म्हणून ॲपनं तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा विचारावा. जे चुकतं ते लवकर, जे येतं ते उशिरा. हे गणित लिहायला प्रोग्रॅमरला फार वेळ लागत नाही, तरी बहुतेक ॲप व्हिडिओ संपला की ‘अभिनंदन’ म्हणून मोकळी होतात.

गुण आणि क्रमवारी यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. खोलीतला सगळ्यात चटपटीत मुलगा आठ जणांचे फोन घेऊन आठ जणांची परीक्षा देतो, आणि मालकाच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. आणि काही गोष्टी ॲपला तपासता येतच नाहीत. तीन प्लेटा एका हातावर घेणं, उकळता रस्सा मुलाच्या डोक्यावरून न नेणं, ऑर्डर परत म्हणून दाखवणं. तिथं कॅप्टननं समोर उभं राहून बघायचं आणि आपल्या फोनवरून ‘करून दाखवलं’ अशी सही करायची. जाणणाऱ्या माणसाची जागा ॲपनं घेऊ नये, त्याची सही टिपून ठेवावी.

भाषेचं थोडं. मराठी, हिंदी आणि नेपाळी तिन्ही देवनागरीत लिहितात, त्यामुळं फाँटचं काम निम्मं होतं. पण बंगाली आणि ओडियालाही आपल्या भटारखान्यात जागा हवी, आणि मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईंना कदाचित कुठलीच लिपी नको, आवाज हवा. प्रत्येक वाक्य ऐकता आलं पाहिजे. फोन स्वस्तातला, साठवण भरलेली. जागा कमी पडली की पहिलं ॲप आपलंच उडतं, म्हणून ते हलकं हवं. धडे हॉटेलच्या वायफायवर उतरवावेत, खोलीत नेट नसतानाही चालावेत, उत्तरं फोनमधेच साठून नंतर वर जावीत. सिमकार्डं वरचेवर बदलतात, तेव्हा मोबाइल नंबर हीच ओळख धरली की मुलाची सगळी कमाई नंबराबरोबर जाते. आणि मेनू कॅप्टनला स्वतः बदलता यावा. पापलेट संपलंय हे ॲपला कळायला पुण्याच्या इंजिनिअरला फोन करावा लागत असेल, तर चार दिवसांत कुणी ते उघडणार नाही. संपर्क, ठिकाण, फोटो यांच्या परवानग्या मागूच नयेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता आहेच, आणि तसाही वेटर सुट्टीला कुठं जातो याच्याशी कोशिंबिरीचा संबंध नाही.

आता माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. मुंबईत उडुपी हॉटेलांतली मुलं दिवसा टेबलं पुसत आणि रात्रशाळेत जात. त्यातले कितीतरी पुढं कारकून झाले, वकील झाले, स्वतः हॉटेलमालक झाले. रात्रशाळेचं एक वैशिष्ट्य आपण विसरतो: तिचा दाखला मुलाच्या नावावर असे. हॉटेल बदललं तरी तो त्याच्या पेटीत राही. आजच्या ॲपमधे मुलगा नोकरी सोडतो त्या दिवशी त्याचं खातं बंद होतं. दोन वर्षं शिकलेलं सगळं जुन्या मालकाच्या सर्व्हरवर राहतं, आणि नव्या हॉटेलात तो पुन्हा ‘हात कसे धुवावेत’पासून सुरू करतो.

म्हणून मी सुचवतो ते असं. सर्वसाधारण धडे एका मालकाचे नसावेत. शहरातल्या हॉटेल संघटनेनं, पर्यटन खात्याच्या मदतीनं, ते एकदाच बनवावेत आणि सगळ्यांना मोकळे ठेवावेत. आपापल्या मेनूचे धडे मालकानं आपल्या खर्चानं, आपल्या कुलुपात ठेवावेत. आणि नोंद कामगाराची असावी: कोणते धडे झाले, कोणत्या कॅप्टननं काय करताना पाहिलं. डिजिलॉकरसारख्या ठिकाणी ती ठेवता येईल, नव्या मालकाला एक क्यूआर कोड दाखवता येईल. सिंहस्थापुरतं तरी हे नाशकात करून बघण्यासारखं आहे. हिंग, कूट, उपवास, भात आणि हात धुणं, एवढ्या पाच विषयांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ.

समोर हॉटेलवाली मंडळी बसलीत आणि दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली, ‘खर्च किती?’ ॲपचा कोड हा लहान खर्च आहे. हल्ली एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं ॲप करता येतं. मोठा खर्च धडे चित्रित करण्याचा, पाच भाषांत आवाज भरण्याचा आणि मेनू बदलला की परत चित्रित करण्याचा. तो दर वर्षी येतो, एकदाच नाही. ठेकेदाराला फक्त ॲप विकत मागाल तर रिकामं ॲप मिळेल.

दुसरी चिठ्ठी अपेक्षितच होती, ‘शिकून पळाला तर?’ पळेल. आत्ताही पळतोच, न शिकता. तुमच्याकडं आज सकाळी जो नवा मुलगा आला, तोही दुसऱ्या कुणाकडून पळालेलाच आहे. त्याच्या फोनवर नोंद असेल तर ती बघा, हात धुण्याचा धडा गाळा, आणि आज संध्याकाळच्या ब्रीफिंगपासून त्याला तुमच्या मिसळीच्या कटात काय-काय असतं ते सांगायला लागा.