चार लिप्यांचे मूल

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा समारंभात पाहुण्याने काय बोलावे हे बहुधा ठरलेले असते. शिक्षणाचे महत्त्व सांगावे, बगदादच्या विद्वानांची आठवण काढावी, 'अल्जिब्रा' हे नाव अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथातील 'अल-जब्र' या शब्दावरून आले याबद्दल टाळ्या घ्याव्यात आणि चहाला जावे. ते सारे खरेच आहे. परंतु नवव्या शतकातल्या त्या कीर्तीने आपल्या चौथीतल्या मुलाचा सातचा पाढा पाठ होत नाही. म्हणून आज मी बगदादला जाणार नाही. तुमच्या घराच्या ओटीवर, संध्याकाळी दप्तर उघडून बसलेल्या मुलाकडेच जरा आपण पाहू या.

हे मूल सकाळी उठून मक्तबात जाते. तेथे कायदा उघडतो तो उजवीकडून. अरबीची अठ्ठावीस अक्षरे ते शिकते. तेथून घरी येऊन चहा-भाकरी खाऊन शाळेत जाते. शाळा उर्दू माध्यमाची असेल तर लिपी तोंडओळखीची असते. पण अरबीत नसलेले 'प', 'च', 'ग' येथे भेटतात, 'ट' आणि 'ड' भेटतात. पुढच्या तासाला मराठीचे पुस्तक निघते, ते डावीकडून. अक्षरांच्या डोक्यावर रेघ, आणि काना-मात्रा कधी मागे, कधी पुढे, कधी वर, कधी खाली. त्यानंतर इंग्रजी, तीही डावीकडून. पण तिच्यात मोठी अक्षरे निराळी आणि लहान निराळी. आणखी एक गंमत पाहा. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण त्याच ओळीत आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे वाचायचा. सात-आठ वर्षांचे पोर दिवसातून किती वेळा दिशा बदलते याचा हिशेब कोणी करीत नाही. आपण फक्त म्हणतो, "अक्षर वाईट आहे, लक्ष नाही."

आणि या सर्वांखाली पाचवी एक भाषा असते, जिची लिपी मुलाला कोणी शिकवलेली नाही. ती घरातली बोली. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत आजही दादी-नानी कोकणीतच बोलतात. भांडण तिच्यात, लाड तिच्यात, मासळी विकणारणीशी घासाघीस तिच्यात. मात्र शाळेच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात बाप डोळे मिटून 'उर्दू' लिहितो. त्याला मी दोष देत नाही. उर्दूशी आपले नाते जिव्हाळ्याचे आहे. पण त्यामुळे होते असे की, वर्गातल्या शिक्षकाला हे मूल घरी काय बोलते हेच ठाऊक नसते.

मी अनेक वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले. पहिलीत येणारी काही मुले दोन-दोन महिने तोंड उघडत नाहीत. त्यांना मंद समजले जाते. एकदा अशाच एका मुलीला मी म्हटले, "बाय, तुझी दादी मासे कसे खारवते ते तू घरी बोलतेस तसे सांग." ती जी सुरू झाली ती मासे उन्हात घालून, मांजर हाकलून, पाऊस आला म्हणून ते गोळा करून मगच थांबली. आधी काय, मग काय, कशामुळे काय, हे सारे तिच्या बोलण्यात नीट लागले होते. बुद्धी कमी नव्हती. ती बुद्धी बाहेर यायला दार सापडत नव्हते. त्यात घरी आईने "नीट बोल, गावंढळ बोलू नकोस" म्हणून दटावले, की तेही दार बंद.

शिक्षणशास्त्र याबाबतीत पुष्कळ काळापासून एकच गोष्ट सांगत आले आहे. युनेस्कोच्या 1953 सालच्या अहवालात मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस होती; आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा अथवा मातृभाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. आता आपल्या बोलीत ना पुस्तके आहेत, ना शाळा. पण बोलणे तर आहे! ज्या मुलाला घरच्या बोलीत कारण सांगता येते, त्याला तेच कारण पुढे उर्दूत, मराठीत, इंग्रजीत सांगता येते. शब्द तेवढे नवे लागतात. ज्याला कोणत्याच भाषेत सविस्तर बोलण्याची संधी मिळाली नाही, त्याला इंग्रजी माध्यमात घालून उपयोग काय? मी इंग्रजी माध्यमाच्या विरुद्ध नाही. पण घरात कोणीही बोलत नाही अशा भाषेत मुलाला तिसऱ्या वर्षी बसवायचे आणि मग घरी त्याच्याशी बोलायचेच थांबवायचे, हे दुहेरी नुकसान आहे.

मराठीबद्दल दोन शब्द बोलतो. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण कायदा नसता तरी तहसील कचेरी, एसटी, दवाखाना, न्यायालय येथे मराठीवाचून आपले चालते कोठे? उर्दू बोलणारे मूल "माझी पुस्तक" म्हणते, कारण 'किताब' स्त्रीलिंगी आहे आणि उर्दूत नपुंसकलिंग नाही. ते 'शाला' आणि 'पानी' लिहिते, कारण 'ळ' आणि 'ण' त्याच्या उर्दूच्या कानाला नवे आहेत. उलट उर्दूत 'झ'च्या उच्चाराची चार अक्षरे आहेत, झाल, झे, झाद आणि झोय. मराठी मुलाला ती लिहायला सांगा, त्याची काय त्रेधा उडते ते पाहा. सांगायचे इतकेच की अशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. तांबड्या शाईचा गोल काढण्याआधी शिक्षकाने ही चूक कोणत्या भाषेतून आली हे पाहिले, तर पाच मिनिटांत ती समजावता येते.

आकड्यांचेही तसेच. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतो, लिहिताना आधी दोन. 'एकोणतीस' ऐकून मूल तीन लिहून मोकळे होते. उर्दूतही 'पच्चीस', 'उनतीस' अशीच तऱ्हा. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे वाचनही दिले तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली! थट्टा करणारे सगळे मोठे होते. त्यांचे पाठांतर होऊन चाळीस वर्षे झाली होती.

आता घराकडे वळतो, कारण खरी अडचण तेथे आहे. आपल्या भागात बाप बहुतेक बाहेर. कोणी मुंबईला, कोणी जहाजावर, कोणी कुवेत-दुबईला. पूर्वी महिन्याकाठी पत्र येई, पुढे बोललेल्या कॅसेटी येऊ लागल्या, आता रोज व्हिडिओवर तोंड दिसते. परंतु त्या रोजच्या बोलण्यात मुलाला प्रश्न एकच असतो, "अभ्यास करतोस ना?" मूल "हो" म्हणते आणि विषय संपतो. बंधूंनो, त्याऐवजी विचारा, "आज मास्तरांनी काय सांगितले ते मला सांग, मला ठाऊक नाही." दहा मिनिटे ऐका. तेवढी शिकवणी दोन-तीन हजार किलोमीटरांवरूनही देता येते.

आणि ज्या माता म्हणतात, "आम्ही चौथी शिकलो, आम्हाला काय येते?" त्यांना मी सांगतो, तुम्हाला उत्तर यायला हवे असे नाही, प्रश्न आला तरी पुरे. मक्तबात मूल अरबी वाचते ते उच्चार शुद्ध व्हावा म्हणून. अर्थ त्या वयात विचारला जात नाही, आणि त्या पठणाची ती रीतच आहे. पण तीच सवय घेऊन ते मराठीचा धडा वाचते. घडाघडा वाचते, आई खूश होते, आणि "यात काय सांगितले?" म्हटले की गप्प! तेव्हा धडा संपला की एवढेच म्हणा, "आता मला तुझ्या शब्दांत सांग." नसेल सांगता आले तर पुन्हा वाचायला लावा.

हिशेब तर तुमच्या स्वयंपाकघरात पडून आहे. शंभर रुपयांत बांगड्यांचा वाटा, वाट्यात आठ, तर एक कितीला पडला? दादीला विचारा, चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. म्हणजे चिपटे हा पायलीचा सोळावा भाग. अपूर्णांक शिकायला याहून बरे साधन कोणते? जकातीचा अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग, हे मुलाला त्याच्या ईदीच्या पैशांवर काढू द्या. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे का येतो, हे चंद्राच्या वर्षाचे 354 दिवस धरून त्याला कॅलेंडरवर मोजू द्या. भूगोल आणि गणित दोन्ही होतील.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मुलगा अभ्यासाला बसला की घरात आवाज बंद होतो. मुलगी बसली की, "जरा भाकरीचे पीठ मळ, भावाला पाणी दे." संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ मुलीच्या हातून अशी तुकड्या-तुकड्यांनी जाते, आणि तरीही बक्षिसांच्या यादीत आज मुलींची नावे अधिक आहेत, हे तुम्ही आताच पाहिलेत. मग दहावीनंतर काय? कॉलेज तालुक्याला आहे, एसटी आहे, ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पासही मिळतो. अडते ते लोकांच्या बोलण्यापाशी. आणि मुलाचे? त्याला नववीतच चुलत्याच्या व्हिसाची वाट पाहायला शिकवलेले असते; हातात काही कौशल्य नसताना गेला तर तेथे मिळते ते ओझ्याचेच काम. एकीला पंख आहेत तर दार लावलेले, दुसऱ्याला दार उघडे तर पंख वाढूच दिलेले नाहीत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी इमारतीचा मजला वाढवण्याआधी दहावीनंतर थांबलेल्या मुलींच्या घरी एकदा जाऊन यावे, अशी माझी विनंती आहे. मौलवीसाहेब आणि वर्गशिक्षक यांनीही सत्राच्या सुरुवातीला एकत्र बसून मुलाच्या दिवसाची वेळ पाहावी. भल्या पहाटे उठलेले मूल तिसऱ्या तासाला झोपते, यात दोघांपैकी कोणाचाच दोष नाही. पण ठाऊक मात्र दोघांनाही हवे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला बराच वेळ ताटकळत ठेवले. तुमच्यासाठी एक काम आहे. एक शंभर पानी वही घ्या. पानाचे चार रकाने करा. पहिल्यात घरच्या बोलीतला शब्द, मग उर्दू, मग मराठी, मग इंग्रजी. घरचा शब्द ज्या लिपीत जमेल त्या लिपीत लिहा. सुरुवात जाळ्याच्या, होडीच्या, माशांच्या आणि मापांच्या नावांपासून करा. ती दादीलाच विचारावी लागतील, शिक्षकांना येणार नाहीत. वही उजवीकडून उघडायची की डावीकडून, हे तुमचे तुम्ही ठरवा.